शेरूचा डबा, चिंगीची टोपली

मार्च लागला की आमच्या वाडीत काजूबी घ्यायला व्यापारी येतो. पोती तोलायला त्याच्याकडे जमिनीवर ठेवायचा सपाट काटा असतो. तीन वर्षांपूर्वी त्या काट्यावर मी शेरूला उभं केलं. आकडा आला 38 किलो 400 ग्रॅम.

शेरू आमचा काळा लॅब्रॅडॉर, तेव्हा सहा वर्षांचा. आठवडाभर तो ओटीची पायरी चढताना मागचा डावा पाय उचलून धरत होता. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी गुडघा चाचपला आणि लिगामेंट दुखावल्याचं सांगितलं. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "वहिनी, गोळ्यांनी दुखणं दबेल. पण याच्या अंगावर आठ किलो जास्त आहेत. ते उतरवा, नाहीतर एक गुडघा गेल्यावर दुसराही जायला वेळ लागत नाही." आठ किलो म्हणजे विहिरीवरून आणलेली भरली कळशी. ती पाठीवर घेऊन तो दिवसभर घरात फिरत होता आणि आम्ही त्याला "आळशी झालायस" म्हणत होतो. त्या वाक्याचं मला आजही वाईट वाटतं.

नोव्हेंबरपर्यंत शेरू 30 किलो 600 ग्रॅमवर आला. पाठोपाठ आमच्या मांजरीचं, चिंगीचंही वजन उतरवलं. काय केलं, कुठे अडलं, ते सगळं वहीत आहे. त्या वहीतूनच लिहिते आहे.

आधी हात फिरवा, मग काटा

रोज बघत असतो म्हणून घरच्या जनावराचं वजन आपल्याला दिसत नाही. ते हाताला कळतं. डावा हात पालथा धरा, बोटं सरळ ठेवा. उजव्या हाताची बोटं डाव्या हाताच्या पाठीवरून, बोटांच्या मुळाशी जी हाडं असतात त्यांच्यावरून फिरवा. कातडीखाली एकेक हाड लागतं, पण टोचत नाही. निरोगी कुत्र्या-मांजराच्या बरगड्या हाताला तशा लागतात. मूठ आवळून तीच हाडं चाचपली तर टोकं बोचतात. बरगड्या तशा बोचल्या तर जनावर रोडावलंय. आणि तळहाताच्या बाजूने चाचपलं तर मांसात बोट दाबावं लागतं. बरगड्या शोधायला तसं दाबावं लागत असेल तर जनावर जाड आहे.

मग वरून बघा. बरगड्या संपल्यावर कंबर आत गेलेली दिसायला हवी. बाजूने बघितलं की पोट छातीपेक्षा वर ओढलेलं हवं. शेरूची पाठ वरून पाटासारखी सपाट दिसत होती आणि शेपटीच्या मुळाशी चरबीची गादी होती.

डॉक्टर यावरूनच 1 ते 9 असे गुण देतात. 4 किंवा 5 म्हणजे छान, त्यावरच्या प्रत्येक गुणाला दहा ते पंधरा टक्के वजन जास्त. आमच्या दोघांनाही 7 मिळाले होते.

इथे दोन गोष्टींनी फसायला होतं. मांजराच्या मागच्या पायांमध्ये पोटाखाली एक सैल पिशवी लोंबते. ती बारीक मांजरालाही असते, ती चरबी नव्हे. दुसरं, आपली गावठी कुत्री मुळातच सडपातळ. तरण्या गावठी कुत्र्याची शेवटची एखादी बरगडी दिसली तर ते उपाशी आहे असं नाही. लोक कळवळून अशा कुत्र्याला चपात्या घालत सुटतात आणि वर्षभरात त्याचा पिंप करतात.

वजनासाठी माणसांचा घरगुती काटा चालतो. कुत्र्याला उचलून त्यावर उभं राहायचं आणि मग स्वतःचं वजन वजा करायचं. पण तीस-पस्तीस किलोचा कुत्रा उचलणार कोण? भुसाराचं दुकान, रद्दीवाला, काजूबीचा व्यापारी, सगळ्यांकडे सपाट काटा असतो आणि विनंती केली तर कोणी नाही म्हणत नाही. मात्र काटा दर वेळी तोच घ्या, वेळही तीच, आणि खाण्याच्या आधी. दोन काट्यांत अर्ध्या किलोचा फरक सहज निघतो.

डॉक्टरांकडे एकदा जाऊनच या

हे मी घाईने सांगते, पण टाळू नका. कुत्र्याचं थायरॉइड मंदावलं तर खाणं न वाढताही वजन वाढतं. पोट नगाऱ्यासारखं, सतत तहान, धापा, केस गळणं असं असेल तर तो आजार वेगळा असू शकतो. जाड मांजराची रक्तातली साखर बघावीच लागते. वर्षाच्या आतली पिल्लं, गाभण किंवा दूध पाजणारी मादी यांचं खाणं आपल्या मनाने कमी करू नये. आणि म्हातारं मांजर काही न करता बारीक होऊ लागलं तर "बरं झालं, उतरतंय" म्हणून गप्प बसू नका. मूत्रपिंड, थायरॉइड, साखर यातलं काहीही असू शकतं.

डॉक्टरांनी तेव्हा मला एक अभ्यास सांगितला, तो मी घरातल्या प्रत्येकाला ऐकवला. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकापेक्षा दुसऱ्याला चतुर्थांश कमी खाणं, आणि तेही जन्मभर. 2002 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भरपूर खाणाऱ्यांमधले निम्मे कुत्रे 11.2 वर्षांपर्यंत गेले, कमी खाणाऱ्यांमधले निम्मे 13 वर्षांपर्यंत टिकले. सांधेही त्यांचे उशिरा दुखायला लागले. पावणेदोन वर्षं! सासूबाई हे ऐकून बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

एक दिवस सगळं लिहून काढलं

किबल म्हणजे कोरडं खाणं मी मोजून देते, मग वजन वाढतं कशानं, असं मला वाटायचं. म्हणून एक दिवस शेरूच्या तोंडात जे जाईल ते कोणीही दिलं तरी वहीत लिहायचं असं ठरवलं. कोणावर रागवायचं नाही, नुसतं लिहायचं.

किबल 300 ग्रॅम. आमच्या पिशवीवर एका किलोला 3600 किलोकॅलरी असं छापलं होतं (रोजच्या बोलण्यात यालाच आपण कॅलरी म्हणतो), म्हणजे 1080. पहाटे यांच्या चहाबरोबर चार ग्लुकोज बिस्किटं, एका छोट्या बिस्किटात वीस-पंचवीस, म्हणजे शंभरेक. दुपारी सासूबाईंची दूध-भाकरी, अडीचशे. बागेतल्या गड्यांनी न्याहारीतल्या दोन चपात्या तुकडे करून घातल्या, दोनशे. रात्री भाताची खरवड, सव्वाशे तरी. आणि मी स्वतः नारळ खवताना ओल्या खोबऱ्याचे चार तुकडे दिले होते, ते शंभराच्या आसपास. बेरीज साडेअठराशेच्या घरात गेली.

त्याला वजन उतरवायला हव्या होत्या साधारण 900.

एकानेही पोटभर खाऊ घातलं नव्हतं. प्रत्येकाने घासभरच दिलं होतं. मला वाटतं, बहुतेक घरांत असंच होतं, आणि म्हणूनच "तू जास्त घालतोस" हे भांडण कधी मिटत नाही.

900 कुठून आले

हा हिशेब मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरवर होतो. कुत्र्याचं आजचं वजन घ्यायचं नाही. जे असायला हवं ते घ्यायचं, आणि ते डॉक्टर सांगतील. शेरूसाठी 30. 30 गुणिले 30 गुणिले 30 म्हणजे 27000. त्यावर वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा, 12.8 येतं. त्याला 70 ने गुणा. आलं 897. नुसतं पडून राहिलं तरी शरीर चालवायला जेवढं लागतं ते हे. वजन उतरवताना कुत्र्याला साधारण एवढंच द्यायचं.

मांजरासाठी असाच आकडा काढून त्याला आणखी 0.8 ने गुणायचं. चिंगीचं योग्य वजन साडेचार किलो. तिचं उत्तर 216, त्याचे 0.8 म्हणजे 173. दिवसभरात फक्त 173 कॅलरी! म्हशीच्या सायीसकट दुधाची अर्धी वाटीसुद्धा तिच्यासाठी मोठं जेवण आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. शिवाय मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचतही नाही.

सूत्रातून येतो तो नुसता पहिला अंदाज. खरं काय ते पुढचे चार आठवडे काटा सांगतो.

पिशवीमागे "इतक्या वजनाला इतके कप" असा तक्ता असतो, त्यावर जाऊ नका. तो धावत्या-पळत्या कुत्र्यालाही पुरेल असा असतो आणि आपला कुत्रा पडवीत झोपलेला असतो. कपही नको. भरणाऱ्याच्या हातावर कपातलं माप बदलतं. चार-पाचशे रुपयांत स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा मिळतो, तो घ्या. या सगळ्या खटाटोपात सर्वांत उपयोगी वस्तू तीच ठरली.

डबा

आता मुख्य गोष्ट. सकाळी एक झाकणाचा स्टीलचा डबा घेते. त्यात शेरूचं दिवसभराचं खाणं तोलून भरते आणि डबा फडताळावर ठेवते. त्या दिवशी शेरूला जे काही मिळेल ते त्या डब्यातूनच. कोणीही, कितीही वेळा द्यावं, डबा रिकामा झाला की दिवस संपला.

वरखाऊ दिवसाच्या दहा टक्क्यांत बसवायचा. शेरूच्या 900 पैकी 90. म्हणून डब्यात किबल 225 ग्रॅम, म्हणजे 810, आणि उरलेल्या 90 चे इतर तुकडे एका छोट्या वाटीत, त्याच डब्यात. उकडलेल्या चिकनचे दोन-तीन तुकडे, काकडी, उकडलेली फरसबी. काकडी-फरसबीला कॅलरी नावापुरत्या, पण लॅब्रॅडॉरला काहीतरी कुरुमकुरुम चावायला मिळालं की तो खूश.

यांना पहाटे बिस्किट द्यायचं असतं, ते आता डब्यातले चार दाणे देतात. शेरू तितक्याच आनंदाने शेपूट हलवतो. गड्यांसाठी मी डब्यातून मूठभर एका कागदात बांधून देते, ते आपल्या हाताने घालतात. माणसांचं प्रेम तोडायचं नव्हतं. फक्त त्याचा ठेवा एका जागी आणायचा होता.

सासूबाईंचं मात्र तसं नव्हतं. पहिली भाकरी गाईला आणि शेवटची कुत्र्याला, हा त्यांच्या माहेरचा नेम. साठ वर्षांत चुकलेला नाही. किबलचे दाणे ही काही भाकरी नव्हे, आणि त्यांच्या नेमाला हात लावायची माझी इच्छाही नव्हती. दोन दिवस विचार करून मी त्यांनाच विचारलं, "आई, शेवटची भाकरी लहान केली तर चालेल?" त्या म्हणाल्या, "भाकरी असली की झालं, ती केवढी हे कोणी सांगितलंय?" तेव्हापासून दहा ग्रॅम तांदळाच्या पिठाची, पुरीएवढी भाकरी थापली जाते. पस्तीस-छत्तीस कॅलरी. ती डब्यात धरते आणि दहा ग्रॅम किबल काढून ठेवते.

खाणं तेवढंच, पण दोनऐवजी तीन वेळा द्या, म्हणजे भूक कमी छळते. पहिले दहा-बारा दिवस तो ताटाशी येऊन बसतोच. लॅब्रॅडॉरबद्दल आणखी एक समजून घ्या. 2016 मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांना आढळलं, की साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळलेला असतो आणि अशा कुत्र्यांची अन्नाची ओढ जास्त असते. तो हावरट नाही, त्याला खरोखर तसं वाटतं. म्हणून ओरडू नका. आमचं जेवण चालू असताना शेरूला मागच्या पडवीत ठेवायचो आणि नंतर कोणीतरी त्याला पाच मिनिटं खरारा करायचा. मागणं बऱ्याचदा माणसाचंच असतं, घासाचं नव्हे.

घरचंच अन्न देत असाल तर भात निम्मा करा आणि त्या जागी उकडलेला दुधी, लाल भोपळा किंवा फरसबी मिसळा. शिजलेल्या भाताच्या 100 ग्रॅममध्ये 130 कॅलरी, दुधीत पंधरा-वीससुद्धा नाहीत. चमचाभर तुपात 45. चिकन कातडी काढून, नुसत्या पाण्यात उकडायचं. आपल्या रश्शातलं नको, कारण कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्ताला विषारी. मनुका, बेदाणे आणि द्राक्षंही कुत्र्याला घातक, हे शिरा-मोदक-लाडवांच्या दिवसांत लक्षात ठेवा. फक्त चिकन-भातावर कॅल्शियम आणि इतर क्षार कमी पडतात, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि नेहमीचं किबल खूपच कमी करावं लागत असेल तर वजन उतरवण्याचं वेगळं किबल मिळतं. त्यात प्रथिनं आणि चोथा जास्त असतो, म्हणजे खाणं कमी झालं तरी पोषण कमी पडत नाही. थोडं महाग आहे, पण चार-सहा महिन्यांपुरतं.

किती वेगाने

कुत्र्याचं आठवड्याला एक ते दोन टक्के. शेरूचं पावणेचारशे ग्रॅमपासून साडेसातशेपर्यंत. मी एक टक्क्याच्या आसपास राहिले. मार्चमध्ये 38.4, एप्रिलच्या सुरुवातीला 36.8, मेच्या सुरुवातीला 35.4.

आणि मेअखेर 35.5.

डबा तोच, वही तीच. घरातल्या प्रत्येकाला विचारलं, कोणी काही दिलं नव्हतं. मग एका दुपारी शेरूच्या मागोमाग बागेत गेले. गळून पडलेले हापूस तो एकेक करून खात होता. मध्यम आंब्याच्या गरात साधारण 100 कॅलरी असतात, आणि तो दिवसाला तीन-चार खात असणार. त्याहून भीती बाठ्याची. गिळला तर आतड्यात अडकतो आणि पोट फाडून काढावा लागतो. त्या दिवसापासून आंबा-फणसाच्या मोसमात बागेत जाताना तो पट्ट्यावर असतो आणि पडीचे आंबे सकाळी आधी गोळा होतात. वाळत घातलेलं खोबरंही आता माडीवर.

तुमच्याकडे आंबे नसतील. पण वजन दोन-तीन आठवडे अडलं की कुठून तरी आंबे येत असतातच. शेजारचं अंगण, सोसायटीचा वॉचमन, मांजराची ताटली, नातवाच्या खुर्चीखालचा सांडलेला भात. ते शोधा. काहीच सापडलं नाही तर दिवसाचं खाणं पाच टक्क्यांनी कमी करा आणि दोन आठवडे थांबा. आणखी कमी करायचं असेल तर डॉक्टरांना विचारून.

चिंगीचं वेगळं

कुत्र्याला जे चाललं ते मांजराला चालेलच असं नाही. इथे चूक झाली तर जीवावर बेतते, म्हणून सावकाश सांगते.

जाड मांजराला उपाशी ठेवू नका. एक दिवससुद्धा नाही. जाड मांजराने दोन-तीन दिवस खाणं सोडलं की अंगातली चरबी भराभर यकृतात जाऊन साठते, यकृत बंद पडायला लागतं. डोळे-हिरड्या पिवळ्या दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. "भूक लागली की खाईल आपोआप" हे मांजराच्या बाबतीत धरून चालू नका. नवं खाणं तिने चोवीस तास तोंडात घेतलं नाही तर जुनं द्या, तेही नाकारलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

वेगही निम्मा. आठवड्याला अर्धा ते एक टक्का. चिंगी 5.8 किलोची होती, म्हणजे आठवड्याला तीस ते साठ ग्रॅम. एवढा फरक माणसांच्या काट्यावर कळत नाही. फळवाल्याकडे असतो तसा दहा किलोचा काटा हवा. त्यावर मी वेताची टोपली ठेवते आणि आकडा शून्यावर आणते. टोपली दिसली की चिंगी आपणहून जाऊन बसते. दर रविवारी सकाळी.

तिचं वजन वाढलं ते ऑपरेशननंतर. नसबंदीनंतर शरीराची गरज साधारण चतुर्थांशाने कमी होते आणि भूक मात्र वाढते. टाके काढायला जाल त्या दिवशीच नवं माप डॉक्टरांना विचारून घ्या. हे मला आधी माहीत असतं तर तिचं एवढं वाढलंच नसतं.

मांजर मांसाहारीच. तिला दूध-भातावर किंवा कुत्र्याच्या खाण्यावर ठेवता येत नाही. टॉरिन नावाचं एक द्रव्य तिला अन्नातूनच लागतं, ते मिळालं नाही तर डोळे आणि हृदय बिघडतं. आमच्याकडे मासळी रोजची, म्हणून सांगते: सुकट-बोंबलाचं मीठ नको, कच्चा मासा रोज नको (काही माशांमुळे ब-1 जीवनसत्त्व नष्ट होतं), बांगडा तेलकट म्हणून अंगठ्याएवढा तुकडा पुरे, तोही उकडून, काटे काढून. ती तिची वरखाऊची वाटणी, दिवसाची दहा टक्के.

ताटली भरून ठेवणं बंद केलं, तेव्हा ती तीन रात्री ओरडली. मग तिचं खाणं पाच वेळांत वाटलं आणि त्यातला निम्मा भाग ओल्या खाण्याचा केला. त्यात बहुतांश पाणी असल्यामुळे ताटली भरलेली दिसते आणि कॅलरी कमी असतात. कोरड्याचे दाणे ताटलीत घालतच नाही. पाच-सहा जिन्यावर, दोन खिडकीत, तीन माळ्यावर. शोधत फिरते, उड्या मारते. दोरीला पिसं बांधून दिवसातून तीन-चारदा पाच-पाच मिनिटं खेळ. मांजर लांब फेरीला येत नाही, पण शिकार म्हटली की उठते. ताटलीही उंचावर, शेरूचं नाक पोचणार नाही अशी.

साडेपाच किलोवरून खाली यायला तिला खूप वेळ लागला. सगळं मिळून दहा महिने. आता ती 4.6 आहे आणि पाठीचा मागचा भाग स्वतः चाटून साफ करते. आधी तिथे पोचतच नव्हती, केसांच्या गुठळ्या व्हायच्या.

चालणं, आणि आमचा पावसाळा

चालण्याने वजन उतरेल या आशेवर खाणं तसंच ठेवू नका. 30 किलोचा कुत्रा एक किलोमीटर चालला तर अंदाजे तीसेक कॅलरी जळतात. एका चपातीला तीन किलोमीटर. वजन डब्याने उतरतं. चालण्याने स्नायू टिकतात, सांधे मोकळे राहतात आणि मन रमतं, म्हणून चालायचं.

गुडघा दुखत असताना मी त्याला पट्ट्यावर, सपाट जमिनीवर, दहा मिनिटं दोनदा नेत होते. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवली. चेंडू फेकणं बंद, कारण धावत जाऊन गर्रकन वळताना गुडघा पिळतो. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर भाट्याच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या कडक वाळूवर. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत घरात. डांबरी रस्त्यावर पालथा हात सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. पगसारखी बसक्या नाकाची कुत्री उन्हात दगावतात, त्यांच्या बाबतीत तर अजिबात धोका पत्करू नका.

मग जून येतो आणि चार महिने पाऊस थांबत नाही. पूर्वी शेरूचं वजन वाढायचं ते याच काळात. आता पडवीत वीस करवंट्या पालथ्या घालते, सात-आठांच्या खाली डब्यातले दाणे. तो एकेक हुंगत, नाकाने उलटवत फिरतो. सगळ्या शोधायला पंधरा मिनिटं लागतात आणि नंतर तो दमून झोपतो. जुनं गोणपाट गुंडाळून त्याच्या घड्यांत दाणे ठेवले तरी तेच. पाऊस जरा उघडला की छत्री घेऊन दहा मिनिटं बाहेर. त्या पावसाळ्यात वजन वाढलं नाहीच, उलट 34.2 वरून 32.1 वर आलं.

गणपतीत घर पाहुण्यांनी भरतं. तेव्हा डबा ओटीवर आणून ठेवते आणि मुलांना सांगते, शेरूला यातलंच द्यायचं, मोजून एकेक दाणा. मुलं मोठ्यांपेक्षा नियम पाळतात. मोठ्यांपैकी कोणी मोदक पुढे केला तर मुलंच ओरडतात.

उतरल्यावर

योग्य वजन आलं म्हणून दुसऱ्या दिवशी जुन्या मापावर जाऊ नका. डबा दहा टक्क्यांनी वाढवा, दोन आठवड्यांनी तोला, अजून उतरत असेल तर पुन्हा थोडा. पुस्तकी हिशेबाने शेरूला रोज 1400 च्या वर चालायला हवं, पण त्याचं वजन 1150 वरच स्थिर राहतं. प्रत्येकाचा आकडा वेगळा निघतो, आणि तो तोलूनच सापडतो.

दोघांनाही आता महिन्यातून एकदा तोलते, एक तारखेला, आणि वहीत लिहिते. काजूबीच्या मोसमात व्यापाऱ्याच्या काट्यावर, एरवी वाडीतल्या भुसाराच्या दुकानात. एक किलो वाढलं की लगेच डबा कमी, आठ किलोची वाट बघायची नाही. शेरू नऊ वर्षांचा झाला. डावा गुडघा थंडीत थोडा आखडतो, पण ओटीच्या चारही पायऱ्या तो चारही पायांनी चढतो. संध्याकाळी चुलीवरचा तवा उतरायची वेळ झाली की तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसतो, आणि सासूबाई ती पुरीएवढी भाकरी निववून, दोन तुकडे करून त्याला देतात.